सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांचे जंत माणसांपर्यंत पोहोचू नयेत म्हणून

मुंबईत भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की गाडी चाव्यावर आणि रेबीजवर येऊन थांबते. चावा दिसतो, रक्त येते, माणूस इंजेक्शनसाठी धावतो. कुत्र्याच्या पोटातले जंत मात्र कोणाला कळू न देता येतात. मूल सोसायटीच्या वाळूत खेळते, तीच बोटे तोंडात घालते, आणि पुढे कधीतरी शाळेच्या तपासणीत एका डोळ्याने नीट दिसत नसल्याचे कळते. तोवर वाळू आणि कुत्रे कोणाच्या डोक्यातही राहिलेले नसतात.

हे टाळता येते, आणि त्यासाठी कुत्र्यांना हाकलावे लागत नाही. हाकललेल्या कुत्र्यांच्या जागी पलीकडच्या गल्लीतली येतात आणि त्यांच्या पोटातही हेच जंत असतात. साखळी तोडायच्या जागा दोन आहेत: जमिनीवर पडून राहिलेली विष्ठा आणि कुत्र्यांना मिळणारी कच्ची कलेजी-फुफ्फुसे. चाळ असो, टॉवर असो की वस्ती, बाकीची सगळी कामे या दोन कामांनंतरची.

कोणता जंत कसा येतो

पहिला गोलकृमी, म्हणजे टॉक्सोकारा. त्याची मादी दिवसाला लाखभर अंडी घालू शकते. पिल्लांना हा जंत आईच्या पोटातच लागतो, त्यामुळे जेमतेम तीन-चार आठवड्यांच्या पिल्लाच्या विष्ठेतूनही अंडी पडू लागतात. मोठ्या कुत्र्यांत त्याचे प्रमाण कमी होते. म्हणजे जिन्याखाली व्यालेली कुत्री आणि तिची गोंडस पिल्ले हीच या जंताची सर्वांत मोठी खाण. मात्र ताज्या विष्ठेतले अंडे लगेच रोग देत नाही. आत अळी तयार व्हायला उबदार, ओलसर मातीत साधारण दोन ते चार आठवडे लागतात. त्यानंतर ते अंडे मातीत महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे टिकते. माणसाच्या पोटात गेलेली अळी आतड्यातून बाहेर पडून यकृत, फुफ्फुस किंवा डोळ्यापर्यंत भटकते.

दुसरा अंकुशकृमी. याची अंडी ओल्या मातीत एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवडाभरात अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरायला तयार होते. तळव्यावर, बोटांच्या बेचक्यात किंवा मांडीवर नागमोडी, लालसर, उठावदार रेघ दिसते. ती रोज थोडी पुढे सरकते आणि रात्री झोप लागू देत नाही इतकी खाजते. चौपाटीच्या भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत टॉवेल न टाकता बसणाऱ्यांना आणि पावसाळ्यात चिखलात अनवाणी फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना हा धोका जास्त. कुत्र्यांतल्या अंकुशकृमींची एक जात तर माणसाच्या आतड्यातही पूर्ण वाढते आणि रक्त पिते.

तिसरा सर्वांत लहान आणि सर्वांत घातक: एकिनोकोकस नावाचा काही मिलिमीटर लांबीचा फीतकृमी. शेळी, मेंढी, म्हैस यांच्या यकृतात किंवा फुफ्फुसात याच्या पाण्याने भरलेल्या गाठी असतात. ते अवयव कुत्र्याने कच्चे खाल्ले की साधारण सहा-सात आठवड्यांत त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. ही अंडी ताजीच रोग देतात, आणि कुत्र्याच्या केसांनाही चिकटून राहतात. माणसात यातून हायडॅटिड सिस्ट, म्हणजे तशीच पाण्याची गाठ, होते. बहुतेकदा ती यकृतात असते, त्याखालोखाल फुफ्फुसात. ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढते, त्रास होत नाही, आणि भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते.

याशिवाय पिसवांतून येणारा डिपिलिडियम नावाचा फीतकृमी आहे. चुकून पिसू गिळली गेल्याने तो लहान मुलांना होतो. कुत्र्याच्या खरजेचे किडे माणसाला खाज आणतात, पण ती कुत्र्यापासून दूर राहिले की सहसा आपोआप जाते. डास चावून कुत्र्याकडून माणसाकडे येणारा डायरोफिलेरिया हा जंत क्वचित त्वचेखाली किंवा डोळ्याजवळ गाठ आणतो. गरोदर बाईने कुत्र्यापासून लांब राहावे असे सांगताना ज्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती घातली जाते, त्याची अंडी मात्र मांजराच्या विष्ठेतून येतात, कुत्र्याच्या नाही.

आधी दोन सकाळी पाहणी

कुत्री कुठेही घाण करतात असे वाटते, पण त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. उजाडताना, झाडू लागायच्या आधी, सोसायटीचा साधा नकाशा हातात घेऊन एक फेरी मारा आणि जिथे विष्ठा दिसेल तिथे फुली करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. बहुतेक फुल्या त्याच जागी येतील: फुलझाडांचे वाफे, पाण्याच्या टाकीमागचा कोपरा, बंद पडलेल्या गाड्यांखाली, मुलांच्या घसरगुंडीची वाळू, कंपाउंडच्या भिंतीलगतची माती. त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी लिहा. पिल्ले कुठे आहेत, कुत्र्यांना खायला कोण आणि कुठे घालते, आणि शंभर-दोनशे पावलांत मटण-चिकनची कोणती दुकाने आहेत. या कागदाशिवाय सोसायटीच्या मीटिंगमध्ये फक्त भांडणे होतात.

विष्ठा रोज उचलायची

आठवड्यातून एकदा सफाई केली तर अंकुशकृमीला हवा तेवढा वेळ मिळतो. म्हणून काम रोजचे, रविवारीही. सकाळी मुले खाली उतरण्याआधी करावे, म्हणजे ऊन चढण्याआधी विष्ठा घट्ट असते आणि अख्खी निघते.

लांब दांड्याची सुपडी, एक छोटे खुरपे, रबरी हातमोजे, बंद बूट आणि जुनी वर्तमानपत्रे एवढे सामान पुरते. हे सामान फक्त याच कामाचे, वेगळ्या रंगाचे ठेवा. जिन्याच्या झाडूने विष्ठा ओढली की तीच अंडी मजल्यामजल्यावर जातात. मातीवरची विष्ठा उचलताना खुरप्याने तिच्याखालची दोन बोटे माती सोबत घ्या, कारण ओलसर विष्ठेतली अंडी मातीत उतरलेली असतात. फरशीवर असेल तर उचलल्यावर त्या जागेवर उकळते पाणी ओता. किटलीत गॅसवरून उतरवलेले, वाफाळणारे पाणी हवे. कोमट पाण्याने अंडी फक्त पसरतात.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक फिनाइलची. फिनाइल, ब्लीच, डेटॉल यांनी वास जातो, जंतू मरतात, पण गोलकृमीच्या अंड्याचे जाड कवच त्यांना दाद देत नाही. सॅनिटायझरचेही तेच. अंडी मरतात ती उष्णतेने, आणि बरीचशी कडक उन्हात पूर्ण सुकल्याने. दुसरी चूक पाण्याच्या पाइपची. जोराच्या धारेने विष्ठा धुऊन गटारात लोटली की ती भिंतीलगतच्या मातीत आणि फरशीच्या सांध्यांत जाऊन बसते, आणि पहिल्या मोठ्या पावसात गटार तुंबले की पाण्यासोबत परत आवारात येते.

उचललेली विष्ठा वॉचमनच्या किंवा सोसायटीच्या शौचालयात टाकून फ्लश करणे सर्वांत चांगले. ते जमत नसेल तर वर्तमानपत्रात दुहेरी गुंडाळून, वेगळी खूण करून, सॅनिटरी कचऱ्यासोबत द्या. ओल्या कचऱ्याच्या खतात ती कधीही टाकू नका. सोसायटीच्या खताच्या पेटीत अंडी मरतील इतकी उष्णता सगळीकडे सारखी पोहोचत नाही, आणि ते खत शेवटी कढीपत्त्याच्या कुंडीत जाते.

हे काम करणाऱ्या माणसाला हातमोजे-बूट सोसायटीने द्यावेत, काम झाल्यावर साबणाने हात धुवायला नळ दाखवावा, आणि या कामाचा वेगळा मोबदला द्यावा. सफाई कामगाराच्या अंगावर फुकटात टाकलेले काम दहाव्या दिवशी बंद पडते.

वाळू आणि माती

मुलांच्या खेळाच्या वाळूची वरची १५ सेंटीमीटर वाळू काढून नवी भरा, शक्यतो पावसाळा संपल्यावर. जुनी वाळू बागेत पसरू नका, डेब्रिजमध्ये द्या. त्यानंतर रोज संध्याकाळी ताडपत्री घाला आणि चारही कडांना विटा ठेवा. एक कड उघडी राहिली तर कुत्री नेमकी तिथूनच शिरतात. दुपारी ताडपत्री काढून वाळू दाताळ्याने वरखाली केली की ऊन आतपर्यंत जाते आणि अंकुशकृमीच्या अळ्या सुकून मरतात. जून ते सप्टेंबर वाळूचा हा चौक बंदच ठेवावा हे आमचे स्पष्ट मत आहे. सतत ओल, कमी ऊन आणि उबदार हवा म्हणजे जंतांना हवे ते सगळे. जिथे कुंपण घालणे परवडत नाही तिथे वाळूऐवजी रबरी फरशी बरी.

फुलझाडांच्या वाफ्यात माळ्याने बूट आणि हातमोजे घालूनच काम करावे. गच्चीवर किंवा रेल्वे रुळांकडेच्या मळ्यांत पिकलेली कोथिंबीर, पालक, मेथी जुडीसकट पाण्यात बुडवून काढू नका. देठ सोडवून, पानापानाला वाहते पाणी लागेल अशी धुवा. अंडी चिकट असतात, पाण्याच्या धारेनेच निघतात, आणि शिजवल्याने मरतात. वरून भुरभुरायची कोथिंबीर अधिक काळजीने धुवावी लागते, कारण ती शिजत नाही.

मटणाचे दुकान आणि कुत्र्यांचे जेवण

मुंबईत मोठी कत्तल देवनारच्या पालिका कत्तलखान्यात होते, तिथे पशुवैद्यक अवयव तपासतात. घोळ होतो तो किरकोळ विक्रीत. दुकान बंद करताना उरलेली फुफ्फुसे, खराब दिसते म्हणून बाजूला काढलेली कलेजी, आतडी ही सवयीने कुत्र्यांपुढे टाकली जातात. टाकणाऱ्याला ते पुण्याचे काम वाटते. प्रत्यक्षात पाण्याची गाठ असलेला नेमका तोच तुकडा गिऱ्हाईक घेत नाही आणि कुत्र्याच्या पोटात जातो.

दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. त्याला गाठ दाखवून सांगा. फुफ्फुसावर किंवा कलेजीवर पांढरट, टणक, आत पाणी भरलेला फुगा दिसला तर तो फोडायचा नाही, कापायचा नाही, अख्खा अवयव बंद डब्यात टाकायचा. बाकीच्या टाकाऊ अवयवांसाठी झाकणाचा डबा हवा, आणि तो पालिकेच्या गाडीतच रिकामा व्हायला हवा. बकरी ईद असो की गावदेवीची जत्रा, त्या दोन-तीन दिवसांत आवारात जास्तीचे झाकणाचे डबे आधीच ठेवा आणि टाकाऊ अवयव संध्याकाळपर्यंत पडून राहू देऊ नका.

कुत्र्यांना अवयव घालायचेच असतील तर दोन बोटांएवढे तुकडे करून, पाण्याला उकळी फुटल्यापासून ४० मिनिटे शिजवा. नुसते वाफवलेले किंवा बाहेरून पांढरे झालेले तुकडे पुरेसे नाहीत, मोठ्या तुकड्याच्या मध्यभागी उष्णता उशिरा पोहोचते. कोंबडीच्या अवयवांतून हायडॅटिडचा जंत येत नाही, तरी त्यांतून इतर जंतू येतात, म्हणून तेही शिजवूनच द्या.

खायला घालणाऱ्या ताई-दादांना शत्रू मानणाऱ्या सोसायट्या स्वतःचेच नुकसान करून घेतात. कुत्रे त्यांच्याच हातून गोळी खाते. त्यांच्याशी बोलून जागा आणि वेळ ठरवा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही खाण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून आणि ये-जा करण्याच्या दारांपासून दूर असावी असेच म्हटले आहे. जेवल्यानंतर कुत्री जवळपासच घाण करतात, त्यामुळे खाण्याची जागा पक्क्या फरशीची निवडली तर उचलणेही सोपे जाते.

जंताचे औषध

औषध आणि मात्रा पशुवैद्यकानेच ठरवायची. पण काय होणार आहे हे माहीत असले की काम नीट होते. नेहमीच्या तिहेरी गोळीत प्राझिक्वांटेल ५० मिलिग्रॅम, पायरँटेल एम्बोनेट १४४ मिलिग्रॅम आणि फेबँटेल १५० मिलिग्रॅम असते, आणि ती १० किलो वजनाला एक लागते. रस्त्यावरचे पूर्ण वाढलेले देशी कुत्रे साधारण १२ ते २० किलोचे असते, म्हणजे बहुतेकांना दीड ते दोन गोळ्या. एक गोळी सगळ्यांना हा हिशेब इथेच चुकतो. कमी मात्रेत काही जंत उरतात आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

प्राझिक्वांटेल कडू असते. बिस्किटात दाबलेली गोळी कुत्रे बाहेर टाकते आणि बिस्किट खाते. उकडलेल्या चिकनच्या तुकड्याला चीर देऊन त्यात गोळी ठेवा. आधी एक रिकामा तुकडा द्या, मग गोळीचा, लगेच तिसरा रिकामा. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा न चावता गिळला जातो. एका वेळी एकच कुत्रा, बाकीचे दुसऱ्या माणसाने लांब ठेवावेत, आणि गिळेपर्यंत नजर हटवू नये. कोणाला दिली ते रंग-खुणेसह वहीत लिहा, नाहीतर एकाला दोनदा आणि दुसऱ्याला एकदाही नाही असे होते.

गोळ्या कमी असतील तर आधी पिल्ले, मग त्यांची आई, मग मटणाच्या दुकानाजवळची कुत्री. पिल्लांना पातळ औषध दोन आठवड्यांचे असताना सुरू होते. डोळे नुकतेच उघडले म्हणजे साधारण तेवढे वय. मग आठ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. प्रत्येक वेळी पिशवीत ठेवून लगेज काट्यावर वजन करा, कारण दोन आठवड्यांत ते बरेच बदलते. सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने थेंब थेंब सोडा. घशात पिचकारी मारली तर औषध श्वासनलिकेत जाते. दुसऱ्या दिवशी विष्ठेत शेवयांसारखे पांढरट जंत दिसतील. औषध लागू पडले इतकाच त्याचा अर्थ. पोट फुगून पिल्लू उलट्या करू लागले तर मात्र थेट दवाखाना.

जिथे कच्चे अवयव खाणे थांबवता आलेले नाही तिथे पशुवैद्यकाला विचारून प्राझिक्वांटेल दर सहा आठवड्यांनी द्यावे लागते. तीन महिन्यांच्या वेळापत्रकात मधल्या काळात अंडी पडत राहतात. आणखी एक बाब नेहमी सुटते: हे औषध फीतकृमी मारते, अंडी नाही. मेलेल्या कृमींसोबत ती बाहेर पडतात, म्हणून गोळी दिल्यानंतरचे तीन दिवस विष्ठा सकाळ-संध्याकाळ उचला आणि हातमोजे अजिबात टाळू नका.

घरात

नखे कापलेली, खाली खेळून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने चोळून धुतलेले हात, चपला दाराबाहेर. रस्त्यावरच्या कुत्र्याला कुरवाळले तर हात धुवेपर्यंत तोंडाला लावू नयेत, आणि त्याला तोंड चाटू देऊ नये. मूल माती खात असेल तर फक्त रागावू नका, हिमोग्लोबिन तपासा. लोह कमी असलेल्या मुलांत माती खाण्याची सवय वारंवार दिसते.

चाव्याचा नियम वेगळा आणि तातडीचा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात रेबीजची लस सुरू करायची. जंताची चिंता त्या दिवशी करायची नाही.

डॉक्टरकडे गेल्यावर

मुलाला बरेच दिवस ताप, खोकला, दम किंवा पोटदुखी असेल आणि रक्ताच्या साध्या तपासणीत इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले असतील, तर कुत्री, वाळू, माती खाणे यांची माहिती डॉक्टरांना आपणहून सांगा. टॉक्सोकाराची अंडी माणसाच्या शौचात कधीच सापडत नाहीत, कारण माणसात तो जंत पूर्ण वाढत नाही. शौच तपासणी स्वच्छ आली म्हणून निश्चिंत होऊ नये. त्यासाठी रक्तातली अँटिबॉडी तपासणी असते. बुबुळामागे पांढरट झाक, नव्याने आलेला तिरळेपणा किंवा एका डोळ्याने कमी दिसणे यांपैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. इथे स्वतःहून जंताची गोळी देऊ नका. आत मरणाऱ्या अळीभोवतीची सूज डोळा आणखी बिघडवू शकते.

शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी जरूर घ्यावी. पण ती माणसांच्या आतड्यातल्या जंतांसाठी असते. भटकणाऱ्या अळ्या किंवा हायडॅटिड सिस्टसाठी उपचार वेगळे, जास्त दिवसांचे आणि देखरेखीखालचे असतात. सोनोग्राफीत यकृतात पाण्याची गाठ दिसली तर ती हायडॅटिड नाही याची खात्री होईपर्यंत सुईने पाणी काढू देऊ नका. गाठ फुटली तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते आणि रोग पोटात पसरतो.

पालिका आणि तपासणी

सोसायटीच्या लेटरहेडवर विभाग कार्यालयाला पत्र द्या, पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा, सोबत तो नकाशा आणि कानाला खाच नसलेल्या कुत्र्यांची यादी जोडा. खाच असलेल्याचे निर्बीजीकरण झालेले असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात निर्बीजीकरण आणि लसीकरणासोबत जंतनाशनही नमूद आहे, ते पत्रात लिहा. निर्बीजीकरणाचा जंतांशी थेट संबंध आहे: पिल्ले नाहीत तर गोलकृमीची मोठी खाणच बंद.

तीन-चार महिन्यांनी काम फळले का ते पाहायचे असेल तर सकाळी पाच वेगवेगळ्या ठिकाणची ताजी विष्ठा, प्रत्येकी चमचाभर, मातीला न टेकलेल्या वरच्या भागातून घ्या. वेगवेगळ्या झाकणाच्या डब्यांत, जागा आणि तारीख लिहून, बर्फाच्या पिशवीसोबत त्याच दिवशी पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत पोहोचवा. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तुमच्या पशुवैद्यकाकडे चौकशी करा. नमुना फ्रीझरमध्ये ठेवू नका, अंडी बिघडतात. अहवाल वाचताना एवढे ध्यानात असू द्या: सूक्ष्मदर्शकाखाली एकिनोकोकसची अंडी इतर टीनिया फीतकृमींच्या अंड्यांपासून वेगळी ओळखू येत नाहीत. अहवालात टीनियासारखी अंडी असा शेरा आला तर हायडॅटिडचा धोका आहे असेच समजून प्राझिक्वांटेल सुरू करा, आणि मटणाच्या दुकानांची पुन्हा एक फेरी मारा.